आम्ही आयर्न मेडन ऐकून आलो

सन २००७ च्या उपवासकाळात आमच्या घरी मोठाच पेचप्रसंग उद्भवला. शनिवार दि. १७ मार्च रोजी बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर ‘आयर्न मेडन’ हा विलायती वाद्यवृंद येणार होता. १९७५ साली पूर्व लंडनमध्ये जन्मलेला हा संच आपल्या देशात प्रथमच वाजविणार होता, आणि आमचा कॉलेजात शिकणारा भाचा तेथे जाण्याचा हट्ट धरून बसला होता.

‘‘राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेतलीस ना? मग हे रे कसले सोंग?’’ आमच्या ताईने त्याला विचारले. तीन दिवस मायलेकांत अबोला होता. अखेर तिने निवाडा दिला, ‘‘मामा बरोबर येत असेल तर जा. आणि रविवारचा मिस्सा चुकवलात तर दोघांनाही दाराबाहेर ठेवीन.’’

मामाची संमती मिळविण्यास भाच्याला फारसे कष्ट पडले नाहीत. आता कबूल करावयास हरकत नाही, की आम्ही स्वतःच वीस वर्षे या वाद्यवृंदाचे गुप्त भक्त होतो.

आम्ही सोळा वर्षांचे असताना कुवेतला नोकरीस असलेल्या शेजाऱ्याने आम्हांला एक कॅसेट आणून दिली होती. ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ हे तिचे नाव. वेष्टनावर शिंगे असलेला सैतान रंगविलेला. बाबांच्या ती दृष्टीस पडली आणि त्याच संध्याकाळी न्हाणीच्या चुलीत गेली. पुढे एका मित्राकडून तिची नक्कल मिळाली. तिच्यावर आम्ही ‘भक्तिगीते’ अशी चिठ्ठी डकविली आणि घर निजल्यावर यंत्र उशाशी घेऊन, आवाज अगदी बारीक करून ती ऐकली. या पापाचा उच्चार पापनिवेदनात झाला होता, हेही येथे नमूद करून ठेवतो.

बाबांचा संशय अगदीच निराधार होता असे नाही. ते नाव प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायातील श्वापदाच्या संख्येवरून घेतलेले आहे. १९८२ साली ही तबकडी निघाली तेव्हा अमेरिकेत काही ख्रिस्ती मंडळींनी ती जाळली. वास्तविक ते गाणे एका दुःस्वप्नाचे आहे. संचाचा संस्थापक स्टीव्ह हॅरिस याला एक भयपट पाहून ते स्वप्न पडले होते. २००७ साली संचात ढोल वाजविणारा निको मॅकब्रेन हा तर १९९९ पासून श्रद्धावंत ख्रिस्ती आहे. परंतु ही माहिती आम्हांला फार पुढे मिळाली, तोवर बाबा निवर्तले होते.

शुक्रवारी रात्री बेळगावहून गाडी धरली. उपवासकाळातील शुक्रवार म्हणून ताईने भाकरी आणि बटाट्याची भाजी बांधून दिली होती. शनिवारी दुपारी मैदानाच्या दारापाशी पोहोचलो, तो जिकडे तिकडे काळे सदरे! गोव्याची, हैदराबादची, थेट शिलाँगकडची मुले तेथे रांगेत उभी होती. त्या काळ्या समुद्रात इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले आम्ही एकटेच. एका मुलाने अत्यंत आदराने विचारले, ‘‘अंकल, आपण पोलीस खात्यातले का?’’ भाच्याने तोंड फिरविले.

आधी दिल्लीच्या ‘परिक्रमा’ या आपल्या संचाने वादन केले. त्यांतील व्हायोलिन आम्हांला फार आवडले. मग अंधार पडला, दिवे गेले आणि हजारो कंठांतून जी गर्जना उठली तिने छातीचा पिंजरा हादरला. ध्वनी कानांनी ऐकावयाचा असतो, हा आमचा समज तेथे संपला. तो पोटात, दातांत, पायांखालच्या मातीतही ऐकू येत होता.

कॅसेटमधून न कळलेली गोष्ट म्हणजे या कामातील मेहनत. घोड्याच्या दौडीसारखा तो खर्जातला ठेका आम्ही वर्षानुवर्षे ऐकला होता. तो छेडणीने निघत असावा असा आमचा कयास होता. पाहतो तो हॅरिस नुसत्या बोटांनी तो वाजवीत होता, आणि बोटे थांबत नव्हती! पाचच दिवसांपूर्वी त्याला एक्कावन्न वर्षे पूर्ण झाली होती. अठ्ठेचाळीस वर्षांचा गायक ब्रूस डिकिन्सन रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होता आणि धावतानाही त्याचा सूर ढळत नव्हता. आमच्या गावी भातकापणीला उतरलेली म्हातारी माणसे अशीच न बोलता कामाला भिडलेली असतात.

‘बीस्ट’चे गाणे आले तेव्हा सारे मैदान ती संख्या ओरडू लागले. खरे सांगायचे तर आमचा आवाज तेथे दबला. न्हाणीची चूल डोळ्यांपुढे आली. भाचा मात्र मोकळ्या गळ्याने गात होता. त्याला जाळलेल्या कॅसेटचे ओझे नव्हते.

नंतर ‘फिअर ऑफ द डार्क’ हे १९९२ सालचे गाणे. अंधारात एकट्याने चालताना मागे कोणी आहे असे वाटणाऱ्या माणसाचे ते गाणे. गिटारची सुरावट सुरू होताच लोक ती शब्दांवाचून गाऊ लागले. शिलाँगची मुले, गोव्याची मुले, पलीकडचा एक टक्कल पडलेला गृहस्थ, सर्व जण. वीस वर्षे या संगीताविषयी आम्ही कोणाशी बोललो नव्हतो. ज्याला आपले गुपित समजत होतो ते इतक्यांना तोंडपाठ होते. आमचे डोळे भरून आले. भाच्याने विचारले, ‘‘मामा, धूळ गेली का?’’ आम्ही ‘‘होय’’ म्हणालो.

‘हॅलोड बी दाय नेम’ हे गाणेही झाले. नाव प्रभूच्या प्रार्थनेतील, आणि गाणे पहाटे फाशी जाणाऱ्या कैद्याचे. घंटा वाजते, धर्मगुरू अखेरचे विधी करावयास येतात आणि तो माणूस आपल्या आत्म्याचे काय होणार या विचारात पडतो. हे गाणे त्याच जळालेल्या कॅसेटमध्ये शेवटी होते. बाबांनी ते ऐकले असते तर काय म्हणाले असते, याचा विचार करीत आम्ही गर्दीबरोबर बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी, उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी, शिवाजीनगरच्या सेंट मेरीज बॅसिलिकेत इंग्रजी मिस्साला हजर राहिलो. दोघांच्याही कानांत शिट्टी वाजत होती, त्यामुळे प्रवचनातील निम्मेअधिक शब्द हरवले. (तरुण वाचकांनी कानांत बोळे घालावेत आणि कर्ण्यांपासून दूर उभे राहावे. असा आघात वारंवार झाल्यास ऐकण्याची शक्ती कायमची उणावते.) प्रभूची प्रार्थना सुरू झाली आणि तेच तीन-चार शब्द आले तेव्हा भाच्याने कोपराने हळूच ढोसले. आम्ही त्याच्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर हसू आवरले नसते.

घरी ताईने पहिला प्रश्न विचारला, ‘‘मिस्सा झाला?’’

‘‘झाला,’’ भाचा गरजेपेक्षा बराच मोठ्याने म्हणाला.