अपुऱ्या दिवसांचे मूल व त्याचा श्वास

बदलापूर-अंबरनाथकडील खेड्यांत अद्यापि अशी समजूत ऐकू येते की, सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही. आणि मुलगा असला तर तो जात्याच दणकट, त्याची चिंता नको. पहिली गोष्ट खोटी आहे, दुसरी तर उलटी आहे.

फुप्फुसातील सूक्ष्म पिशव्या श्वास सोडताना चिकटून बसू नयेत म्हणून त्यांच्या आत एक स्निग्ध द्रव्य तयार होत असते. गर्भात ते शेवटच्या काही आठवड्यांतच पुरेसे साठते. ते नसल्यास बालकाची छाती आत खेचली जाते, ते कण्हते, ओठ निळे पडतात. ह्या रोगाचे मूळ त्या द्रव्याच्या उणिवेत आहे, हे ॲव्हरी व मीड ह्यांनी १९५९ साली दाखविले.

आता मुलगा व मुलगी ह्यांतील भेद पाहू. मुलाच्या गर्भात आठव्या आठवड्याच्या सुमारास पुरुषरस स्रवू लागतो. ह्या रसामुळे ते द्रव्य तयार होण्यास विलंब लागतो; स्त्रीरस उलट फुप्फुसाच्या वाढीस साह्य करतो. म्हणून सारख्याच दिवसांची दोन बालके अकाली जन्मली, तर धोका मुलास अधिक.

उपाय सापडला तो मेंढ्यांत. न्यूझीलंडात लिगिन्स ह्यांनी मेंढीच्या गर्भास मूत्रपिंडावरील ग्रंथीचा रस दिला, तेव्हा फार लवकर जन्मलेली कोकरेही श्वास घेताना दिसली. १९७२ साली त्यांनी व हॉवी ह्यांनी हाच गुण स्त्रियांत सिद्ध केला. पुढे भारतासह पाच देशांत प्रयोग झाला, त्यात आपल्या सीमेवरील बेळगावही होते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार अशा बालकांचे मृत्यू शेकडा २३.५ वरून १९.६ वर आले. चोवीस ते चौतीस आठवड्यांत कळा लागल्यास मातेस डेक्सामेथासोनची चार इंजेक्शने बारा-बारा तासांनी द्यावीत, असे भारत सरकारचे २०१४ चे मार्गदर्शन आहे. गुण येण्यास अवधी लागतो, म्हणून पहिले इंजेक्शन जितके लवकर तितके बरे.

गाय अवेळी अडली तर आपण रात्री बॅटरी घेऊन पशुवैद्याकडे धावतो. सुनेस कळ आली तर मात्र ‘उजाडू द्या’ म्हणतो. आम्ही जन्मभर दप्तर सांभाळले, वैद्यक आमचा विषय नव्हे. पण हा हिशेब आम्हांस कळतो. पाणी जाऊ लागले वा पोट थांबून थांबून कडक होऊ लागले की १०८ क्रमांकास कळवावे, आशाताईंस बोलवावे आणि उल्हासनगरचे शासकीय मध्यवर्ती रुग्णालय गाठावे. गर्भाचे आठवडे लिहिलेले कार्ड बरोबर असू द्यावे. डॉक्टर तेच आधी विचारतात.