खाज मुलाची, औषध घराचे

आपल्या मराठीत 'खाजवून खरूज काढणे' असा एक जुना वाक्प्रचार आहे. मिटलेले प्रकरण विनाकारण उकरून काढून स्वतःवर संकट ओढवून घेणाऱ्या माणसाला उद्देशून तो वापरतात. कचेरीतल्या गप्पांत मी तो कितीदा तरी वापरला असेल. परंतु खरूज नावाचा खराखुरा रोग एके दिवशी आपल्या घरात येऊन मुक्काम ठोकील, आणि त्या मुक्कामाला रोगापेक्षा आपला अहंकारच अधिक कारण होईल, अशी कल्पना मला कधी शिवली नव्हती. त्या अनुभवातून जे शिकायला मिळाले, ते लहान मुले असलेल्या प्रत्येक घराच्या उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून आज आपल्यापुढे मांडीत आहे.

मारतहळ्ळी हे बंगळूरच्या पूर्वेकडील एक उपनगर आहे. नाव उच्चारताच मराठी माणसाचे कान टवकारतात, कारण त्यात त्याला आपल्याच नावाचा भास होतो. हळ्ळी म्हणजे कानडीत खेडे. पण खेडेपणाची खूण आता तेवढ्या नावापुरतीच उरली आहे. बाह्य वर्तुळमार्गाच्या दोन्ही अंगांना संगणक कंपन्यांच्या कचेऱ्या आणि उंचच उंच इमारती उभ्या आहेत. सरकारी नोकरीतील बदलीच्या निमित्ताने आम्हीही अशाच एका इमारतीच्या नवव्या मजल्यावर येऊन राहिलो. घरात पत्नी, अडीच वर्षांचा मुलगा आणि माझी आई.

दिवाळीला आम्ही साताऱ्यास गेलो होतो. जुने घर, आठ-दहा नातवंडे, माजघरात एका ओळीने घातलेल्या गाद्या आणि एकेका गोधडीखाली तीन-तीन मुले, असा तो थाट. आम्ही परतलो आणि चारेक आठवड्यांनी मुलाच्या मनगटावर व कमरेभोवती बारीक लालसर पुटकुळ्या दिसू लागल्या. दिवसा तो खेळण्यात रमे. पण रात्री अंथरुणात शिरून ऊब आली, की त्याची खाज सुरू होई. झोपेतच तो अंग ओरबाडी, रडत उठे आणि पहाटेच्या सुमारास दमून झोपे. त्याच्याबरोबर सारे घर जागत असे.

लहान मुलाच्या अंगावर खाजरे पुरळ उठले, म्हणजे ते कशाचे असू शकेल? घामोळे असेल, तर ते उकाड्यात, मानेवर, पाठीवर, अंगाच्या वळ्यांत येते आणि गारवा मिळताच ओसरते. पित्त उठते तेव्हा त्याच्या गांधी काही तासांत एका जागेवरून मावळून दुसरीकडे निघतात. इसबात कातडी कोरडी, खरखरीत होते. तान्ह्या मुलांत ते गालांवर आणि पुढे कोपराच्या व गुडघ्याच्या लवणीत दिसते, आणि पुष्कळदा घराण्यात कोणाला तरी दमा किंवा तशीच काही व्यथा असते. गजकर्णाचे चट्टे गोल असून त्यांच्या कडा उठावदार असतात. गोवर-कांजिण्यांत सामान्यतः ताप असतो. आमच्या मुलाला ताप नव्हता, डिसेंबरातल्या बंगळुरात उकाडा नव्हता, चट्टे गोल नव्हते आणि पुटकुळ्या जागच्या हलत नव्हत्या. खाज मात्र रात्रीची होती आणि बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, काखेत, बेंबीभोवती व तळपायांवर ती वाढत चालली होती. खरुजेची याहून स्पष्ट लक्षणे कोणती असणार?

ती दोन व्यक्तींना ओळखू आलीही होती. आईने तिसऱ्याच दिवशी त्याची बोटे उजेडाकडे धरून म्हटले, "अरे, ही खरूज दिसते रे." मी हसलो. खरूज हा मळक्या वस्तीतला, पाण्याची ददात असलेल्या घरातला रोग. आपल्याकडे दोन वेळा गरम पाण्याची आंघोळ आहे, असे काहीसे मी बोललो. दुसरी व्यक्ती म्हणजे आमच्याकडे कामाला येणारी, बीदरकडची बाई. तिला येऊन तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते. ती मुलाचा हात पाहून म्हणाली, "कज्जी." कज्जी म्हणजे कानडीत खरूज. तिने रोगाचे नाव बरोबर सांगितले, आणि त्याच गोष्टीचा आम्ही तिच्याविरुद्ध पुरावा केला. हिला हा रोग इतका परिचयाचा, तेव्हा तो हिच्याच घरातून आला असला पाहिजे, असा आमचा तर्क. महिना भरताच आम्ही तिला कामावरून कमी केले.

मध्यंतरी मी जवळच्या एका औषधाच्या दुकानातून मलमाची नळी आणली. चिठ्ठी मागितली गेली नाही आणि मीही ती देऊ केली नाही. दोन दिवसांत लाली उतरली, मुलगा थोडा झोपला आणि आम्ही निःश्वास सोडला. 'पी हळद अन् हो गोरी' म्हणतात, तसेच हे झाले. त्या मलमात बुरशीवरचे औषध, जंतूंवरचे औषध आणि एक तीव्र स्टेरॉईड अशी खिचडी होती. स्टेरॉईड हे वाईट औषध नव्हे. इसबासारख्या विकारात, डॉक्टरांनी ठरविलेल्या प्रमाणात आणि मुदतीत, ते मोठे गुणकारी ठरते. पण ते दाह शमविते. दाहाचे मूळ कारण खरजेचा किडा किंवा गजकर्णाची बुरशी असेल, तर ते कारण झाकले जाऊन आत वाढतच राहते. शिवाय लहान मुलाचे वजन कमी आणि त्या मानाने त्वचेचा विस्तार मोठा, म्हणून असे औषध त्याच्या अंगात अधिक भिनते; दीर्घकाळ लावल्यास कातडी पातळ होते. या मलमांचा देशभर होणारा दुरुपयोग पाहून केंद्र सरकारने 2018 साली स्टेरॉईडयुक्त मलमे वैद्याच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत अशा औषधांच्या अनुसूचीत घातली. ज्याने आयुष्यभर इतरांना नियमांवर बोट ठेवून दाखविले, त्यानेच स्वतःच्या मुलासाठी हा नियम मोडावा, हे मला आजही बोचते.

तीन आठवड्यांत पुरळ अंगभर पसरले. एव्हाना पत्नीच्या मनगटावर आणि आईच्या कमरेवरही खाज सुटली होती, पण लाजेने दोघींनीही ती एकमेकींना सांगितली नव्हती. अखेर आम्ही बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी मुलाच्या आधी आम्हा तिघांचे हात पाहायला मागितले. मग भिंगातून मुलाच्या तळहातावरची एक बारीक, नागमोडी, राखाडी रेघ दाखवून त्या म्हणाल्या, "हा तिचा बोगदा. औषध याला एकट्याला नाही, सगळ्या घराला घ्यावे लागेल."

हा किडा साध्या डोळ्यांना दिसणार नाही इतका, म्हणजे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा असतो. त्याची मादी त्वचेच्या अगदी वरच्या थरात बोगदा खणीत जाते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. तीन-चार दिवसांत ती फुटतात आणि सुमारे दोन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. गंमत अशी, की सामान्य रोग्याच्या अंगावर असे किडे फार तर दहा-पंधरा असतात. मग इतकी खाज कशाने येते? किडा, त्याची अंडी आणि विष्ठा यांच्याविरुद्ध आपले शरीर जो दाह निर्माण करते, तीच ती खाज. शरीराला ही ओळख पटायला पहिल्या वेळी चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत माणसाला काहीच जाणवत नाही, पण त्याच्यापासून दुसऱ्याला लागण होऊ शकते. ज्याला खाज सुटलेली नाही त्यालाही औषध का लावायचे, याचे उत्तर या हिशेबात आहे.

बाईंनी हा हिशेब सांगितला आणि मी मनातल्या मनात दिवस मोजू लागलो. कामवाली बाई आमच्याकडे आली आणि त्यानंतर आठवड्यानेच मुलाची खाज सुरू झाली. म्हणजे लागण तिच्या येण्यापूर्वीच झालेली असली पाहिजे. घरी येऊन साताऱ्याला फोन केला. "होय, इथली पोरंही महिनाभर खाजवताहेत; आम्हाला वाटलं, थंडीनं अंग उललं असेल," असे वहिनी म्हणाल्या. रोग गोधडीतून आला होता. किंवा अधिक बरोबर सांगायचे, तर त्या गोधडीखालच्या मायेतून आला होता.

कारण हा रोग अस्वच्छतेचा नव्हे, तर सहवासाचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केनेथ मेलनबी नावाच्या शास्त्रज्ञाने इंग्लंडमधील शेफील्ड येथे स्वयंसेवकांवर याचे प्रयोग केले. रोग्यांनी वापरलेले न धुतलेले कपडे आणि कांबळी वापरूनही स्वयंसेवकांपैकी फारच थोड्यांना लागण झाली. रोग्याच्या शेजारी एका अंथरुणात निजणाऱ्यांना मात्र ती झाली. ज्या कांबळ्यांच्या निर्जंतुकीकरणावर तोवर एवढा खर्च होत होता, ती फारशी दोषी नव्हतीच. रोज आंघोळ करणाऱ्या माणसालाही खरूज सोडीत नाही. दाटीवाटीच्या वस्तीत ती अधिक आढळते, याचे कारण तिथे माणसे एकमेकांजवळ निजतात, हे आहे.

या किड्याचा इतिहासही आम्हा शिकलेल्यांचे कान उपटणारा आहे. 1687 साली बोनोमो या इटालियन वैद्याने चेस्तोनी या औषधविक्याच्या साह्याने तो सूक्ष्मदर्शकातून पाहिला आणि खरजेचे कारण म्हणून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पण त्याला वाट दाखविली होती ती गोरगरीब स्त्रियांनी. खरूज झालेल्या मुलांच्या अंगातून सुईच्या टोकाने काहीतरी बारीक उकरून काढताना त्या दिसत असत. पंडितांनी पुढे जवळजवळ दीडशे वर्षे ते मानले नाही. शेवटी 1834 साली रेनुची नावाच्या कॉर्सिकातील एका विद्यार्थ्याने, आपल्या गावच्या बायका करीत तसाच सुईने किडा काढून, पॅरिसच्या रुग्णालयात सर्वांसमक्ष दाखविला. माझी आई आणि ती बीदरची बाई याच परंपरेतल्या. पंडित मी होतो.

आता उपचाराविषयी. आम्हाला पाच टक्के परमेथ्रिनचे मलम दिले गेले. दोन महिन्यांवरील मुलांना ते चालते; त्याहून लहान अर्भकासाठी डॉक्टर वेगळी योजना करतात. घरातल्या सर्वांनी ते एकाच रात्री लावायचे असते. मोठ्यांनी मानेपासून तळपायांपर्यंत, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखालीही. लहान मुलांना डोळे व तोंड सांभाळून डोक्याला आणि चेहऱ्यालाही. जिथे पुरळ दिसते तेवढ्याच जागी लावणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. मुलाने बोटे चोखू नयेत म्हणून हातांवर पायमोजे चढवावेत. आठ ते चौदा तासांनी आंघोळ घालावी आणि डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे आठवड्याभराने पुन्हा तसेच करावे. शरीराबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. म्हणून मागच्या तीन दिवसांतले कपडे व अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. जे धुता येत नाही ते आठवडाभर पिशवीत बांधून ठेवावे. घर धुवून काढण्याची किंवा फवारणीची गरज नाही.

एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. किडे मेले, तरी खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते. औषध फसले असे समजून ते पुनःपुन्हा लावल्यास कातडी चरचरते आणि नवीच खाज निर्माण होते. या काळात नखे कापलेली असावीत. खाजविलेल्या जागी पू झाला, मधाच्या रंगाच्या खपल्या धरल्या किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. काही आठवड्यांनीही चेहरा सुजला किंवा लघवी चहासारखी होऊ लागली, तर जराही विलंब लावू नये. कारण त्या जखमांत शिरलेल्या जंतूंमुळे पुढे मूत्रपिंडांना अपाय होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली खरजेची गणना दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केली, ती अशा परिणामांकडे पाहूनच. आणि सर्वांनी एकदम औषध घेण्याचा प्रताप केवढा! फिजी बेटांवरील, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटातील सरसकट सर्वांना औषध दिल्यावर वर्षभरात रोगाचे प्रमाण सुमारे 32 टक्क्यांवरून 2 टक्क्यांच्या आत आले.

आमच्या हिशेबात 'सर्व' या शब्दाची व्याप्ती घराच्या उंबऱ्यापाशी संपत नव्हती. मुलाला कडेवर घेणारी ती बाईही त्यात होती, आणि तिची दोन मुलेही. एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. तिच्या बोटांच्या बेचक्यांत नुकत्याच पुटकुळ्या उठू लागल्या होत्या, आणि त्या तिला आमच्याकडूनच लागल्या असाव्यात. डॉक्टरांकडे येण्याची मी तिला विनंती केली आणि झाल्या गोष्टीची क्षमा मागितली. ती एवढेच म्हणाली, "मी तर पहिल्यांदाच सांगितलं होतं, साहेब."

त्याच रात्री मारतहळ्ळीतल्या त्या दोन घरांत आणि साताऱ्याच्या जुन्या घरात, डॉक्टरांच्या सल्ल्याने, सर्वांनी एकाच वेळी औषध लावले. मुलगा महिन्याभरात पूर्ण बरा झाला. आमची लाज मात्र आधीच बरी झाली असती, तर त्याच्या कितीतरी रात्री सुखाच्या गेल्या असत्या. म्हणून माझे सांगणे एवढेच : मुलाला खाज सुटली, तर मलमाची नळी उघडण्यापूर्वी त्या खाजेचे नाव विचारा, आणि ते नाव खरूज निघाले, तर ते कोणापासून लपवू नका.