एका संगणकात दोन प्रणाली

उत्तर प्रदेश शासनाने ११ मार्च २०१३ रोजी लखनौच्या कॉल्विन तालुकदार्स कॉलेजात बारावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना विनामूल्य लॅपटॉप देण्यास प्रारंभ केला. या यंत्रांत विंडोज आणि लिनक्सच्या कुळातील उबुंटू अशा दोन कार्यप्रणाली घातलेल्या होत्या. परंतु एका वेळी त्यांपैकी एकच जागी राही. एकीतून दुसरीत जावयाचे, तर हातातील काम मिटवून यंत्र पुन्हा सुरू करावे लागे. दोन्ही प्रणाली एकाच वेळी का चालू नयेत, असा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो.

याचे उत्तर कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये आहे. बेरीज-वजाबाकी प्रोग्राम स्वतःच प्रोसेसरकडून करवून घेतो. मात्र फाइल उघडणे, स्मृतीतील जागा मिळवणे, पडद्यावर अक्षर उमटवणे यांसाठी त्याला कर्नेलकडे मागणी करावी लागते. प्रत्येक मागणीला क्रमांक असतो. आज सामान्यतः वापरात असलेल्या ६४ बिटांच्या इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरवर लिनक्समध्ये ‘लिही’ या मागणीचा क्रमांक १ आहे. ‘माझा ओळखक्रमांक सांग’ हिचा ३९. विंडोजचे क्रमांक आणि रीती निराळ्या. म्हणून प्रोसेसर तोच असूनही लिनक्सच्या प्रोग्रामची भाषा विंडोजला उमगत नाही.

यावर एक उपाय म्हणजे आभासी यंत्र. विंडोजच्या आत सॉफ्टवेअरने एक संपूर्ण संगणक कल्पावयाचा आणि त्यात लिनक्स बसवावयाचे. उपाय भरवशाचा आहे. पण या कल्पित संगणकाला खऱ्या स्मृतीचा मोठा वाटा काढून द्यावा लागतो. यंत्राची स्मृती मुळातच तुटपुंजी असेल, तर दोन्ही प्रणालींची उपासमार होते.

दुसरा उपाय दुभाष्याचा आहे. मायक्रोसॉफ्टने २०१६ साली विंडोज १० मध्ये ‘विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स’ ही सोय आणली. तिच्या पहिल्या रूपात लिनक्सचे कर्नेल नसतेच. लिनक्सच्या प्रोग्रामने मागणी केली की मधला थर ती ओळखतो, विंडोजच्या कर्नेलकडून काम करवून घेतो आणि फळ लिनक्सच्या रीतीने परत देतो. आपण परक्या घरी आहोत, हे प्रोग्रामला सहसा कळतही नाही.

तथापि या दुभाष्याने दिली ती केवळ अक्षरांची खिडकी. चित्रे, चिन्हे आणि माऊस असलेला संपूर्ण डेस्कटॉप हवा असल्यास ‘एक्स विंडो सिस्टिम’चे साहाय्य घ्यावे लागते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८४ मध्ये जन्मलेल्या या पद्धतीने कामाचे दोन भाग केले. काय रेखाटावयाचे ते प्रोग्राम सांगतो. प्रत्यक्ष रेखाटन ‘डिस्प्ले सर्व्हर’ करतो. दोहोंमध्ये फक्त निरोपांची देवघेव असल्याने ते एकाच प्रणालीत असण्याचे कारण उरत नाही. म्हणून व्हीसीएक्ससर्व्हसारखा डिस्प्ले सर्व्हर विंडोजमध्ये चालू ठेवतात, एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप उबुंटूत बसवतात आणि ‘डिस्प्ले’ नावाच्या नोंदीत रेखाटनाचा पत्ता लिहितात. डेस्कटॉप सुरू करताच विंडोजच्या एका खिडकीत लिनक्सचे दालन उघडते. माऊसची हालचाल आणि कळांचे ठोके त्याच वाटेने उलट प्रोग्रामकडे पोहोचतात.

दुभाष्याच्या मर्यादाही ध्यानात ठेवावयास हव्यात. लिनक्सची प्रत्येक मागणी त्याला पुरी करता येत नाही, आणि असंख्य लहान फाइली हाताळताना तो मंदावतो. यास्तव २०१९ साली घोषित झालेल्या दुसऱ्या रूपात लिनक्सचे खरे कर्नेल घालण्यात आले. २०२१ पासून लिनक्सच्या चित्रमय खिडक्यांसाठी वेगळा डिस्प्ले सर्व्हरही बसवावा लागेनासा झाला. पण ते कर्नेल एका हलक्या आभासी यंत्रातच चालते. आभासी यंत्र सर्वस्वी टाळावयाचे असल्यास पहिलेच रूप निवडावे लागते, आणि ते विंडोज ११ मध्येही उपलब्ध आहे.

शाळेच्या दृष्टीने या पद्धतीचा मोठा गुण निराळाच आहे. दोन प्रणाली शेजारीशेजारी बसवताना डिस्कचे विभाग पाडावे लागतात, आणि त्यात चूक झाली तर साठवलेले सारे काम नष्ट होण्याची भीती असते. येथे विभाग पाडावे लागत नाहीत. विंडोजमधील फाइली लिनक्सला एका फोल्डरमधून दिसतात, आणि नको झाल्यास लिनक्स काढून टाकता येते. विंडोज जागच्या जागी राहते. ज्या घरात वा शाळेत संगणक एकच आहे, तेथील विद्यार्थ्याला इतरांच्या कामाला धक्का न लावता दुसरी प्रणाली शिकता येते.