पत्र बाबांचे, प्रश्न पाचांचे

(द्वितीय वर्ष, कला)

परदेशी जाणाऱ्या माणसाला आपल्याकडे दोनच प्रश्न विचारतात : 'कुठे?' आणि 'किती मिळणार?' 'घरातले कोण कोण जाणार?' हा तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, कारण त्याचे उत्तर आधीच गृहीत धरलेले असते. कर्ता पुरुष जिकडे जाईल तिकडे बिऱ्हाड जाते, अशी आपली समजूत आहे. आमच्या घरी हा तिसरा प्रश्न तब्बल चार महिने मुक्कामाला होता. त्या चार महिन्यांत मला जे समजले, ते येथे मांडण्याचा प्रयत्न करीत आहे. पुढेमागे हा प्रश्न आपल्यापैकी कित्येकांच्या घरी येईल, तेव्हा त्याचा थोडा उपयोग व्हावा इतकीच इच्छा.

माझे बाबा नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम पाहतात. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांच्या हातात एक पत्र पडले. मूळ कंपनीच्या जपानमधील कारखान्यात तीन वर्षे काम करण्यासाठी त्यांची निवड झाली होती. गाव आइची प्रांतातले, नागोया शहरापासून थोडे दूर. त्या वेळी मी अकरावीत होते, धाकटा भाऊ आठवीत. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आजीला चौऱ्याहत्तरावे लागले होते. पत्रावर नाव एकट्या बाबांचे होते. परंतु त्या रात्री झोप पाचहीजणांना आली नाही.

कामासाठी समुद्र ओलांडणे मराठी माणसाला नवे नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातली माणसे करारावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेली, आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठी नावे लावतात. करार ठराविक वर्षांचा होता, पण पुष्कळांच्या बाबतीत परत येणे झालेच नाही. आजची 'परदेशी नियुक्ती' ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. हिच्यात माणसाची इथली नोकरी चालू राहते आणि परतीची तारीख कागदावर असते. जपानमध्ये अशा माणसाला 'कंपनीअंतर्गत बदली' या नावाचा निवासाचा दर्जा मिळतो, आणि त्यासाठी त्याने आधी किमान एक वर्ष त्याच कंपनीत काम केलेले असावे लागते. बाबांची अठरा वर्षे झाली होती. त्यामुळे बाबांचा प्रश्न सोपा होता. प्रश्न बाकीच्या चौघांचा होता.

पहिला धक्का 'कुटुंब' या शब्दानेच दिला. आपल्या लेखी कुटुंबात आजी असतेच, किंबहुना आजीपासूनच ते सुरू होते. जपानच्या नियमांत अशा नोकरदाराबरोबर 'अवलंबित' म्हणून राहू शकतात ती फक्त पत्नी अथवा पती आणि मुले. आईवडील त्यात बसत नाहीत. त्यांना फार तर भेटीसाठी म्हणून नव्वद दिवसांपर्यंत येता येते. बाबांनी हे वाचून दाखविले तेव्हा आजी शांतपणे म्हणाली, "म्हणजे मी पाहुणी." त्यावर कुणालाच काही बोलता आले नाही.

निर्णय होवो न होवो, कागदपत्रे तयार ठेवावीत असे बाबांनी ठरविले. मग ध्यानात आले, की आमचे घर वीस वर्षे चालले होते ते कागदाशिवायच. आईबाबांचे लग्न २००४ साली चारशे माणसांसमोर झाले, पण त्याची नोंदणी कुणी केली नव्हती. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा १९९८ सालचा आहे. त्याप्रमाणे आईबाबा जानेवारीत एका दुपारी महापालिकेच्या कार्यालयात उभे राहिले आणि काका, आत्या व शेजारचे काका यांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. आत्याने येताना पेढे आणले होते. भावाच्या जन्मदाखल्यावर तर नावाची जागाच कोरी निघाली. बाळाचे नाव बारशाला ठेवले जाते आणि नोंद त्याआधीच होते, म्हणून असे पुष्कळांचे झालेले असते. नाव पंधरा वर्षांच्या आत घालून घेता येते. भाऊ तेराचा होता म्हणून निभावले. मित्रमैत्रिणींनो, आपापले दाखले आजच काढून पाहा.

आईची अडचण आणखी निराळी. तिच्या शिक्षणाच्या प्रमाणपत्रांवर माहेरचे नाव आणि नोकरीत सासरचे. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेल्या नावाला शासनाच्या राजपत्राचा आधार लागतो, तो तिने नोकरीसाठी पूर्वीच घेऊन ठेवला होता. तो कागद शोधताना ती हसून म्हणाली, "अहो, जपानला नक्की कुणी जायचे? माहेरचीने की सासरचीने?" हसण्यावारी गेलेला तो प्रश्न मला पुढे फार महत्त्वाचा वाटू लागला.

कारण आईच्या नोकरीला तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती. बाबांबरोबर जायचे तर तिला असाधारण रजा, म्हणजे बिनपगारी रजा, मागावी लागणार. कोणतीही रजा हक्क म्हणून मागता येत नाही; देणे न देणे वरिष्ठांच्या हाती असते. शिवाय अशा घरगुती कारणाच्या बिनपगारी रजेचा काळ निवृत्तिवेतनासाठीच्या सेवेत सहसा धरला जात नाही. तिकडे गेल्यावर काय? अवलंबित व्यक्तीला परवानगी काढून आठवड्याला अठ्ठावीस तासांपर्यंतच काम करता येते, आणि भाषा येत नसताना ते काम कोणत्या प्रकारचे असणार हे उघड आहे. ज्या बाईच्या हाताखालून शेकडो मुले लिहा-वाचायला शिकून गेली, ती एका शिक्क्यासरशी 'अवलंबित' होणार होती. आम्ही सगळे तिच्यावर अवलंबून, आणि कागद मात्र नेमके उलटे सांगत होता.

भावाचा प्रश्न वयाचा होता. जपानमध्ये शाळेचे वर्ष आपल्यापेक्षा थोडे आधी, एप्रिलमध्ये सुरू होते. पहिली नऊ वर्षे सक्तीच्या शिक्षणाची. परदेशी मुलांना सक्ती नाही, पण पालकांनी मागणी केली तर सरकारी शाळेत विनाशुल्क प्रवेश मिळतो. व्यवस्था चांगली आहे, यात शंका नाही. अडचण नवव्या वर्षानंतरची. पुढच्या शाळेसाठी प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तीही जपानी भाषेत. त्या भाषेला दोन अक्षरमाला आहेत, आणि त्याखेरीज नित्य वापरातील चित्राक्षरांची जी सरकारी यादी आहे तिच्यात २१३६ अक्षरे आहेत. भावाला हे सारे दोन वर्षांत पेलावे लागले असते. टोकियोची गोष्ट वेगळी. तिथे निशिकासाई भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे, भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत; महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली तिथल्या एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडूनही आले. परंतु बाबांचे गाव टोकियो नव्हते. 'जपानला जाणे' असे काही नसते. माणूस एका ठराविक गावी, एका ठराविक इयत्तेत जातो. नकाशा पाहताना हे आमच्या ध्यानात यायला जरा वेळच लागला.

पैशाचाही विचार केलाच पाहिजे. परदेशी भत्त्याचा आकडा ऐकताना मोठा वाटतो, पण त्यातून आईचा पगार वजा केला की तो बराच खाली येतो. काही नियम मात्र सोयीचे निघाले. भारत आणि जपान यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. आपल्या भविष्य निर्वाह निधी संघटनेचे प्रमाणपत्र नेले, तर पाच वर्षांपर्यंतच्या नियुक्तीत तिकडच्या निवृत्तिवेतनाची वर्गणी भरावी लागत नाही. आरोग्य विम्याची वर्गणी मात्र भरावी लागते, आणि त्यानंतरही दवाखान्याच्या बिलाचे तीस टक्के रुग्णाकडे राहतात. आयकराच्या दृष्टीने आर्थिक वर्षात किती दिवस भारतात होता हे मोजतात. नोकरीसाठी बाहेर गेलेला माणूस १८२ दिवसांपेक्षा कमी इथे असेल तर त्या वर्षापुरता अनिवासी ठरतो, आणि तिकडे काम करून तिकडेच मिळालेल्या पगारावर इथला कर लागत नाही. बँकेतले नेहमीचे खातेही अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. ही सारी माहिती बाबांनी एका वहीत लिहून काढली. डाव्या पानावर 'सगळे गेलो तर', उजव्या पानावर 'एकटा गेलो तर'. वही भरली, तरी निर्णय होईना.

कारण प्रत्येकजण दुसऱ्याचे नाव पुढे करीत होता. आई म्हणे, आजींचे कोण पाहील? बाबा म्हणत, मुलाची शाळा. भावाला जायचे होते, पण तो माझ्या बारावीचे कारण सांगू लागला. मी स्वतः तर मनातून कधीच विमानात बसले होते, आणि तोंडाने मात्र 'तुम्ही ठरवाल ते' म्हणत होते. मार्चमधल्या एका रविवारी रात्री जेवणे झाल्यावर आजी उठली नाही. म्हणाली, "आता प्रत्येकाने आपापले बोलायचे. दुसऱ्याचे नाव घ्यायचे नाही. आधी सूनबाई बोलेल."

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला माझी शाळा सोडायची नाही." एवढेच वाक्य. चार महिन्यांत ते तिने एकदाही उच्चारले नव्हते आणि आम्हीही तिला विचारले नव्हते. बाबांनी वही मिटली. ते म्हणाले, "मला जायचे आहे. हे काम मला शिकायचे आहे. पण तीन वर्षे नकोत." भाऊ म्हणाला, "मला बघायचे आहे जपान. राहायचे आहे की नाही, माहीत नाही." मी माझे खरे सांगितले. शेवटी आजी म्हणाली, "मला कुणी सांभाळायला थांबू नका. थांबायचे तर स्वतःसाठी थांबा. माझ्या नावावर नको."

दुसऱ्या दिवशी बाबांनी कारखान्यात विनंती केली. दोन वर्षांवर तडजोड झाली. जून २०२३ मध्ये बाबा एकटेच गेले.

हा निर्णय फुकट पडला असे मी म्हणणार नाही, आणि फुकटात पडला असेही नाही. जपानचे घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. आमची जेवणे होईपर्यंत बाबांची झोपेची वेळ उलटून गेलेली असे. माझी बारावी आणि भावाची दहावी या दोन्ही वेळी ते दूर होते. मध्यंतरी भावाचा आवाज फुटला. एकदा त्याने फोन घेतला तेव्हा बाबांनी विचारले, "कोण बोलतंय?" भाऊ हसला, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ गच्चीत जाऊन बसला. वहीच्या उजव्या पानावर हा खर्च कुठेच लिहिलेला नव्हता.

मे २०२४ च्या सुटीत आई आणि भाऊ पाच आठवडे बाबांकडे जाऊन आले. विवाहाचा दाखला आणि नाव घातलेला जन्मदाखला तेव्हा कामी आला. मी आजीजवळ राहिले. या वेळी मात्र कुणाचे नाव पुढे न करता, स्वतः ठरवून राहिले. त्यामुळे इतके लिहूनही मी जपान पाहिलेले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

बाबांच्याच कारखान्यातले दुसरे एक कुटुंब त्याच वर्षी सगळेच्या सगळे गेले. त्यांची मुलगी चार वर्षांची, आईला घरून करता येण्याजोगे काम, आणि आजीआजोबा धडधाकट. ती मुलगी आता जपानी मुलांशी भांडतेसुद्धा जपानीत, असे बाबा सांगतात. त्यांचा निर्णय त्यांच्यासाठी योग्यच होता. सगळ्यांनी जावे की एकट्याने, याला सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. मुलांची इयत्ता, जोडीदाराची नोकरी, म्हाताऱ्या माणसांची प्रकृती, मुदत आणि नेमके गाव, या पाच गोष्टी घरोघर वेगळ्या असतात. नियम कार्यालयात विचारता येतात, भत्ते वहीत मांडता येतात. परंतु घरातल्या प्रत्येकाला त्याचे स्वतःचे काय म्हणणे आहे, हे घरातच आणि वेळेवर विचारावे लागते. आमच्याकडे ते विचारायला आजी होती.

बाबा जून २०२५ मध्ये परतले. स्टेशनवर त्यांनी भावाकडे पाहिले तेव्हा त्यांना मान वर करावी लागली. घरी आल्यावर त्यांनी ती जुनी वही शोधून काढली, उजव्या पानाच्या शेवटी काहीतरी लिहिले आणि ती कपाटात ठेवून दिली. काय लिहिले ते मी अजून वाचलेले नाही.