काउंटीचा हिशेब तपासणारे १९ नागरिक. काय आहे कॅलिफोर्नियाची ‘सिव्हिल ग्रँड ज्युरी’?

अमेरिकेत ग्रँड ज्युरी म्हटले की फौजदारी खटला आठवतो. कॅलिफोर्नियात मात्र ही ज्युरी सरकारी हिशेबही तपासते. राज्यातील सर्व ५८ काउंटींत (ढोबळमानाने जिल्ह्यांत) ती दरवर्षी नेमावीच लागते.

सदस्य कोण?
बहुतेक काउंटींत १९, तर लॉस एंजेलिसमध्ये २३ सामान्य नागरिक. वय किमान १८ आणि काउंटीत वर्षभराचे वास्तव्य हवे. मुदत एक वर्षाची.

काय तपासतात?
काउंटीच्या खात्यांचा कारभार, जमाखर्च आणि दफ्तर. सार्वजनिक कागदपत्रे विनाशुल्क पाहण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे. दरवर्षी निवडक खाती तपासली तरी चालते. चौकशी गोपनीय असते, अहवाल मात्र जाहीर होतो.

अहवालानंतर काय?
निवडून आलेल्या अधिकाऱ्याला ६०, तर काउंटी बोर्डाला ९० दिवसांत लेखी उत्तर द्यावे लागते. शिफारस अमान्य असेल तर कारणही सांगावे लागते.

हे महत्त्वाचे का?
डिसेंबर १९९४ मध्ये ऑरेंज काउंटीने दिवाळखोरी जाहीर केली. खजिनदाराच्या जोखमीच्या गुंतवणुकीत १५० कोटी डॉलरहून अधिक रक्कम बुडाली. त्यात शाळांचा आणि शहरांचाही पैसा होता. तपासणीत ढिलाई झाली, तर किंमत नागरिकच मोजतात.

मर्यादा कोणती?
ज्युरीच्या शिफारशी बंधनकारक नसतात. बोर्ड त्या नाकारू शकते. पण उत्तर टाळू शकत नाही. ते उत्तर पटले की नाही, याचा निकाल शेवटी मतदारच देतो.