स्वमग्न प्रौढाचे स्वयंपाकघर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोव्यातल्या पेडणे-डिचोलीत स्वमग्नतेचा, म्हणजे ऑटिझमचा, विषय निघाला की बोलणे मुलांपाशीच थांबते. पर्वरीच्या 'संगाथ' संस्थेने गोवा आणि रावळपिंडीत पालकांना हाताशी धरून केलेले मोलाचे संशोधनही लहान मुलांसाठीच होते. पण ही मुले मोठी होतात, नोकरी धरतात, काही जण एकटे राहू लागतात. त्यांच्या रोजच्या जेवणाआड अनेकदा आपले गैरसमजच येतात.

गैरसमज : स्वमग्न माणसाला स्वतःचे जेवण करता येणार नाही.
वस्तुस्थिती : प्रत्येकाची क्षमता आणि आधाराची गरज वेगळी असते. अनेकांची अडचण कामांचा क्रम लावताना किंवा संदिग्ध सूचना समजून घेताना येते. 'चवीपुरते मीठ', 'थोडा वेळ शिजवा' यांतून नेमके काय करायचे ते कळत नाही. 'एक सपाट चमचा मीठ', '20 मिनिटांचा टायमर' हे कळते. एका ओळीत एकच कृती आणि शेजारी फोटो, असा कागद ओट्यावर चिकटवावा. अशा आधाराने स्वतंत्र राहता येते, आणि समाजात राहण्याचा हक्क तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही दिला आहे.

गैरसमज : हे खाण्यातले नखरे आहेत.
वस्तुस्थिती : वास, आवाज आणि स्पर्श काहींना फार तीव्र जाणवतात. बांगडा तळल्याचा घरभर राहणारा वास किंवा भेंडीची बुळबुळ त्यांना खरोखर असह्य होते. मासे नको असतील तर प्रथिनांसाठी अंडी, मूग, चवळी आहेत. कुकरच्या शिटीचा त्रास होत असेल तर विजेवरचा राइस कुकर शिटी न करता भात शिजवतो. भिजवलेले मूग झाकणाच्या साध्या टोपातही शिजतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली गर्दी सोसत नसेल तर सकाळी लवकर जावे किंवा गावातल्या ठरलेल्या दुकानातून सामान घ्यावे.

गैरसमज : रोज तेच खाणे म्हणजे कुपोषण.
वस्तुस्थिती : तोचतोपणामुळे अनेकांना स्थैर्य मिळते. पदार्थ तेच असले तरी ताट पूर्ण आहे का, एवढे पाहावे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शनानुसार दिवसाला सुमारे 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळे हवीत. उकड्या तांदळाची पेज, मुगाची उसळ, तांबडी भाजी आणि एक केळे हा बेत रोज चालू शकतो. बदल करायचा असेल तर एका वेळी एकच करावा, तोही आधी सांगून. मात्र मोजकेच दोन-चार पदार्थ उरले असतील, वजन घटत असेल किंवा सतत थकवा येत असेल तर डॉक्टर व आहारतज्ज्ञांना दाखवावे.

गैरसमज : गहू आणि दूध बंद केले की स्वमग्नता कमी होते.
वस्तुस्थिती : याला भक्कम पुरावा नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्य-मार्गदर्शक संस्थेने 2012 मध्येच प्रौढांच्या स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांसाठी असा वर्ज्य-आहार वापरू नये, असे स्पष्ट सांगितले. सीलिएक आजार (ज्यात गहू चालत नाही) किंवा दुधाची ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी. तो निर्णय डॉक्टरांचा. आधीच मोजके पदार्थ खाणाऱ्याच्या ताटातून पाव आणि दही काढले तर पोषणाचीच हानी होते.

गैरसमज : भूक लागली की जेवेल आपसूक.
वस्तुस्थिती : शरीराच्या आतल्या खुणा काहींना उशिरा कळतात. कामात गढलेल्या माणसाला दुपार उलटली तरी भूक जाणवत नाही. मग एकदम चक्कर येते, चिडचिड होते. जेवणाचा आणि पाण्याचा गजर फोनवर लावावा, भूक असो वा नसो. न शिजवता खाता येईल असे काही, जसे शेंगदाणे, चणे, केळी, नजरेसमोर ठेवावे.

गैरसमज : रोज ताजे रांधलेलेच आरोग्यदायी.
वस्तुस्थिती : थकव्याच्या दिवशी फ्रीजमधला डबा उपाशी राहण्यापेक्षा नक्कीच बरा. पथ्य भाताचे पाळावे. गोव्याच्या दमट उकाड्यात ओट्यावर राहिलेल्या भातात जिवाणू वाढून विष तयार करू शकतात, आणि पुन्हा गरम केल्याने ते विष जात नाही. म्हणून भात उथळ भांड्यात लवकर निववून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. डब्यावर तारीख लिहावी.

माणसाला बदलण्याचा हट्ट सोडून स्वयंपाकघर त्याच्या सोयीचे केले की बराचसा प्रश्न सुटतो. म्हणून घरच्यांनी भांडी, डबे, पाककृती त्याच्या खोलीवर पोचवण्याआधी त्यालाच विचारावे : तुला काय जमते, काय सोसत नाही, आणि मदत नेमकी कुठे हवी?