सेवाग्रामच्या पंगतीतील विलायत

सेवाग्रामचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे चरखा येतो, बापूकुटी येते, प्रार्थनेची जागा येते. स्वयंपाकघर मात्र येत नाही. वस्तुतः नव्या पाहुण्याची पंचाईत व्हावी अशी जागा तीच होती. मसाला नाही, झणझणीत फोडणी नाही. उकडलेली भाजी, कोंड्यासकट दळलेल्या गव्हाचा पाव, दूध, गूळ आणि कधी कडुनिंबाच्या पाल्याची चटणी. 'आश्रमातले साधे जेवण' एवढे म्हणून आपण पुढे जातो. मीही तशीच गेले असते. परंतु या वर्षी गांधीजींची आत्मकथा वाचली आणि ध्यानात आले की, या ताटातील बऱ्याच गोष्टींचे मूळ समुद्रापलीकडे आहे.

मोहनदास गांधी १८८८ साली बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. मांस न खाण्याचे वचन आईला दिलेले. सुरुवातीला अक्षरशः अर्धपोटी राहावे लागले. पुढे फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी भोजनगृह सापडले, आणि तेथेच हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील पुस्तक विकत मिळाले. तोपर्यंत वचनाखातर पाळलेला शाकाहार येथून पुढे स्वतःच्या विचाराने पाळलेला झाला. नंतर त्यांनी एकच खोली घेतली, एक स्टोव्ह आणला आणि न्याहारी स्वतः करू लागले. ओटची लापशी आणि कोको. सारे वीस मिनिटांत तयार. दुपारी बाहेर जेवण, रात्री घरीच पाव आणि कोको. दिवसाचा खर्च एक शिलिंग तीन पेन्स. घरून येणारे मसाले-मिठाया बंद झाल्या. पूर्वी बेचव वाटलेला नुसता उकडलेला पालक आवडू लागला, आणि चवीचे ठिकाण जिभेत नसून मनात आहे, असे त्यांचे मत झाले. सेवाग्रामची बिनमसाल्याची भाजी प्रथम शिजली ती अशी, लंडनच्या भाड्याच्या खोल्यांतून!

पावाची हकीकत दक्षिण आफ्रिकेतील आहे. जोहान्सबर्गच्या घरी त्यांनी सात पौंड देऊन हाताने फिरवायची चक्की घेतली. तिचे लोखंडी चाक एकट्याला जड जाई, दोघांना जमे. गांधीजी, त्यांचे मित्र पोलाक आणि मुले मिळून दळत. कधी कस्तुरबाही हात लावीत. त्या पिठाचा पाव खमीर न घालता, लुई कूने या जर्मन निसर्गोपचारकाच्या पद्धतीने भाजला जाई. १९१० साली कॅलनबाख यांच्या अकराशे एकर जमिनीवर टॉलस्टॉय फार्म सुरू झाले, तेव्हा हेच शिक्षण कामी आले. तेथे भुईमूग भाजून, वाटून लोणी करीत, संत्र्यांचा मुरंबा घालीत आणि गहू भाजून, दळून त्याची कॉफी करीत.

ही कॉफी मी घरी करून पाहिली. कृती सोपी आहे. गहू मंद आचेवर सतत हलवीत गडद तपकिरी होईतो भाजायचा, भरड दळायचा, पाण्यात उकळून गाळायचा आणि गूळ घालायचा. भाजताना गव्हातील पिष्ट आणि साखर तांबूस होते, म्हणून कॉफीसारखा कडसर वास येतो. उत्तेजक द्रव्य मात्र त्यात नसते. वास ऐकून आई चुलीशी आली. "काय वं, गहू करपवला का?" बाबांनी एक कप पिऊन निकाल दिला, "पेयाले बरी हाय, पण हे काई कापी नोय."

येथे एक शंका मांडते. प्राध्यापकांनी रागावू नये. चवीचे ठिकाण मनात आहे, हे ज्याला सर्व चवी मिळू शकतात त्याने म्हणावे. आमच्या घरी बिनतेलाची भाजी प्रयोग म्हणून कधीच झालेली नाही. बाजार पुढे ढकलावा लागला की होते, आणि त्या दिवशी आई तिखट जास्त घालते. आमचा मसाला तेवढाच असतो. शिवाय जोहान्सबर्गला दळणाची वेळ हीच कस्तुरबांची स्वयंपाकाला लागण्याची वेळ होती, हेही त्या आत्मकथेतच आहे. प्रयोग एकाचा असला तरी चुलीजवळ दुसरे कोणी उभे असते.

तरीही एका प्रयोगापुढे माझी शंका लंगडी पडते. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम चाले. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावला राहायला गेले. (पत्रे गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागली, म्हणून १९४० साली आपल्या शेगावचे सेवाग्राम झाले.) त्याआधी, १९३५ मध्ये, मगनवाडीच्या पंगतीत सोयाबीन वाढले जात होते, आणि 'हरिजन'मध्ये त्याविषयी लेख येत होते. चीन-जपानात पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले जाणारे हे कडधान्य गरिबाला स्वस्तात प्रथिने देईल, हा त्यामागील हिशेब.

आज आपल्या जिल्ह्यात कपाशी-तुरीच्या बरोबरीने सोयाबीन उभे असते. आमच्या तीन एकरांतही आहे. पोती भरतात, बाजार समितीत जातात. त्यातून तेल निघते, ढेप निघते. आमच्या पातेल्यात मात्र ते कधीच पडले नाही! "ते का खाचं असते?" असे आई म्हणाली, तेव्हा मगनवाडी आमच्या गावापासून किती दूर आहे ते मला कळले.

मग आम्ही दोघींनी करून पाहिले. सोयाबीन कच्चे खाऊ नये, कारण त्यात प्रथिने पचू न देणारा अंश असतो. भरपूर शिजवले की तो जातो. म्हणून रात्रभर भिजत घातले, चोळून टरफले काढली, पाणी बदलून कुकरच्या चांगल्या सहा-सात शिट्ट्या केल्या. येथवर मगनवाडी. पुढे आईने मला बाजूला सारले. कांदा, लसूण, लाल तिखट, वरून सांबार. गांधीजींनी ते ताट दूर सारले असते. आम्ही भाकरीबरोबर सगळे संपवले. उग्र वास थोडा राहतो, तो आले ठेचून घातल्यास कमी होतो, असे दुसऱ्या खेपेस आढळले.

या हंगामात पोती शिवण्यापूर्वी आईने दोन पायल्या सोयाबीन काढून कोठीत ठेवले. बाबांनी विचारले तर म्हणाली, "असू द्या घरी खायाले."